थीसिससाठी पबमेडमध्ये शोध कसा घ्यायचा आणि तो झोटेरोत कसा सांभाळायचा

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधसाठ्याच्या चौकटीत ‘आयर्न इंजेक्शन इन प्रेग्नन्सी’ असं टाइप करायचं, वर आलेले वीस-पंचवीस पेपर उचलायचे आणि ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ उभं करायचं, हे सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) पास होईपर्यंत खपून जातं. अडचण पुढे येते. तोंडी परीक्षेत किंवा जर्नलच्या रिव्ह्यूअरकडून ‘नेमकं काय शोधलं, कुठे आणि कोणत्या तारखेला?’ असा प्रश्न आला की हातात काहीच नसतं. पबमेड पेपर दाखवतं ते ‘बेस्ट मॅच’ क्रमाने. तो क्रम अल्गोरिदम ठरवतो, आणि तुमच्या विषयातला कळीचा पेपर पहिल्या पानावर येईलच असं नाही. शोध असा हवा की तीच ओळ दुसऱ्या कुणी टाकली तरी तेच पेपर निघतील.

इथे एकच उदाहरण घेतलं आहे: गरोदरपणातल्या अ‍ॅनिमियासाठी शिरेतून द्यायची दोन औषधं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज आणि आयर्न सुक्रोज, यांची तुलना. शोधाच्या ओळी वाचायला सोप्या म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

आधी कागदावर

विषयाचे चार तुकडे करा: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय मोजणार. शोधात पहिले तीनच वापरायचे. परिणाम, म्हणजे इथे हिमोग्लोबिन किती वाढलं हे, शोधात घातलं की चांगले पेपरही गळतात, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये लेखकाने तो शब्द वापरला असेलच असं नाही. परिणाम पेपर वाचताना बघायचा.

प्रत्येक तुकड्याखाली त्याचे पर्यायी शब्द लिहा. इथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते ती स्पेलिंगमध्ये. भारतीय आणि ब्रिटिश जर्नल्स ‘अ‍ॅनिमिया’ लिहिताना ‘एम’च्या आधी ‘एई’ लिहितात, अमेरिकन जर्नल्स नुसता ‘ई’. हिमोग्लोबिनचंही तेच. साधा शब्द टाकला तर पबमेड दोन्ही स्पेलिंगं स्वतःहून जोडून घेतं. पण त्या शब्दाला अवतरणचिन्हं, तारांकन किंवा फील्डची खूण (शब्द नोंदीच्या कोणत्या भागात शोधायचा ते सांगणारी चौकटी कंसातली अक्षरं) लावली की ही सोय बंद पडते आणि तुम्ही लिहिलं तेवढंच शोधलं जातं. त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं आपण लिहायची.

मेश आणि मोकळे शब्द, दोन्ही

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० साली ‘मेश’ ही शब्दसूची सुरू केली; ती दरवर्षी अद्ययावत होते. मेडलाइन या पबमेडमधल्या मुख्य संग्रहातल्या प्रत्येक पेपरला या सूचीतले शब्द चिकटवलेले असतात. लेखकाने काहीही म्हटलं असो, मेशचा शब्द एकच असतो. पबमेडच्या मुखपृष्ठावरून ‘मेश डेटाबेस’ उघडा आणि तिथे ‘आयर्न सुक्रोज’ टाका. समोर येणारा अधिकृत शब्द आहे ‘फेरिक ऑक्साइड, सॅकरेटेड’. हे नाव वॉर्डात कुणी उच्चारत नाही, म्हणजे मेश न बघता ते सुचण्याची शक्यता शून्य. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजला मात्र मेशचा मुख्य शब्द नाही. ते ‘सप्लिमेंटरी कन्सेप्ट’मध्ये आहे आणि त्याची खूण ‘एमएच’ नसून ‘एनएम’ आहे.

मग फक्त मेशवर का थांबायचं नाही? दोन कारणं. अगदी ताज्या पेपरला मेशचे शब्द अजून लागलेले नसू शकतात. आणि बरीच भारतीय जर्नल्स पबमेडमध्ये दिसतात ती पबमेड सेंट्रल या पूर्ण पेपरांच्या मोफत साठ्याच्या वाटेने आलेली असतात; ती मेडलाइनमध्ये नसतात, त्यामुळे त्यांच्या पेपरना मेशचे शब्द कधीच लागत नाहीत. फक्त मेशने शोधलंत तर नेमकी आपल्याच देशातली कामं निसटतील. म्हणून प्रत्येक तुकड्यात मेशचा शब्द आणि शीर्षक-अ‍ॅबस्ट्रॅक्टमधले मोकळे शब्द (खूण ‘टीआयएबी’) असं दोन्ही घ्यायचं. रुग्णाचे दोन तुकडे (गरोदरपण आणि रक्तक्षय) आणि उपचार व तुलना यांची दोन्ही औषधं मिळून एक, असे शोधाचे आपले तीन तुकडे होतात:

पहिला: “प्रेग्नन्सी”[एमएच] ऑर प्रेग्नन*[टीआयएबी] ऑर जेस्टेशन*[टीआयएबी] ऑर अँटिनेटल[टीआयएबी]

दुसरा: “अ‍ॅनिमिया”[एमएच] ऑर अ‍ॅनिमि*[टीआयएबी], आणि ‘एई’वालं स्पेलिंग पुन्हा तसंच

तिसरा: “फेरिक कार्बोक्सिमाल्टोज”[एनएम] ऑर “फेरिक कार्बोक्सिमाल्टोज”[टीआयएबी] ऑर “फेरिक ऑक्साइड, सॅकरेटेड”[एमएच] ऑर “आयर्न सुक्रोज”[टीआयएबी]

‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ कॅपिटलमध्ये लिहा. एकाच ओळीत सगळं लिहिणार असाल तर प्रत्येक तुकडा कंसात घाला. पबमेड डावीकडून उजवीकडे जसं दिसेल तसं जोडत जातं; गणितातल्यासारखा आधी हे मग ते असा नियम त्याला नाही. कंस विसरलात तर ‘अँड’ फक्त शेजारच्या शब्दाला लागतो आणि निकाल हजारांनी फुगतो.

तारांकनाच्या आधी किमान चार अक्षरं लागतात. पण चारवर समाधान मानू नका. ‘ए-एन-ई-एम’ एवढ्यावर तारांकन दिलं तर अ‍ॅनिमियाबरोबर वारा मोजायचा अ‍ॅनिमोमीटर आणि समुद्रातले सी-अ‍ॅनिमोनसुद्धा येतात. पुढचा ‘आय’ घातला की ही गर्दी जाते. तसंच ‘इंडिया’वर तारांकन लावू नका, अमेरिकेतलं इंडियाना राज्य आत येतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं ‘एफसीएम’ हे लघुरूप घ्यायचं तर घ्या, पण फ्लो सायटोमेट्रीवालेही तेच वापरतात हे लक्षात ठेवा.

मेशचा वरचा शब्द घेतला की त्याच्या फांद्या आपोआप येतात. ‘अ‍ॅनिमिया’ घेतल्यावर ‘अ‍ॅनिमिया, आयर्न-डेफिशियन्सी’ वेगळं लिहायची गरज नाही.

तुकडे वेगवेगळे चालवा

सगळी ओळ एका दमात टाकू नका. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर जा, एकेक तुकडा टाकून चालवा. खाली ‘हिस्टरी’मध्ये प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि किती पेपर निघाले तो आकडा दिसतो. मग ‘#१ अँड #२ अँड #३’ असं जोडा. एखाद्या तुकड्याचा आकडा संशयास्पदरीत्या लहान असेल तर चूक कुठे आहे ते लगेच कळतं, बहुतेक वेळा स्पेलिंगच असतं.

त्याच तक्त्यात ‘डिटेल्स’चा बाण आहे. तो उघडायची सवय लावा. तुम्ही टाकलेल्या शब्दांचं पबमेडने प्रत्यक्षात काय केलं ते तिथे पूर्ण लिहिलेलं असतं. अवतरणचिन्हांतला शब्दसमूह पबमेडच्या सूचीत नसेल तर ते अवतरणं काढून शब्द सुटे शोधतं आणि वर एक छोटी सूचना देतं. ती सूचना नजरेतून सुटली की ‘एवढे पेपर कसे आले?’ म्हणत बसावं लागतं.

शोध पुरेसा आहे की नाही हे तपासायची एक खात्रीची पद्धत आहे. विषयावरचे जे पाच-सहा पेपर तुम्हाला किंवा गाइडना आधीच माहीत आहेत त्यांचे पीएमआयडी (पबमेडने प्रत्येक पेपरला दिलेला क्रमांक) ‘ऑर’ने जोडून एक शोध चालवा. समजा तो #५ झाला आणि तुमचा अंतिम शोध #४ आहे. आता ‘#५ नॉट #४’ चालवा. उत्तर शून्य आलं तर ठीक. एखादा पेपर उरला तर तो उघडा, त्याच्या शीर्षकात आणि मेशमध्ये कोणता शब्द आहे जो तुमच्याकडे नाही ते बघा, आणि तो तुकड्यात घाला.

डावीकडचे फिल्टर

‘ह्युमन्स’ हा फिल्टर निरुपद्रवी दिसतो, पण तो मेशच्या शब्दांवर चालतो. ज्या पेपरला मेश लागलेलं नाही तो माणसांवरचाच असला तरी गाळला जातो, म्हणजे ताजे पेपर आणि मघाशी म्हटलेली भारतीय जर्नल्स. वय आणि लिंगाच्या फिल्टरचीही तीच गत. प्राण्यांवरचे अभ्यास काढायचे असतील तर ओळीच्या शेवटी असं जोडा: नॉट (“अ‍ॅनिमल्स”[एमएच] नॉट “ह्युमन्स”[एमएच]). ज्यांना मेशच नाही ते यात सुरक्षित राहतात.

‘फ्री फुल टेक्स्ट’ फिल्टर शोधाच्या पायरीवर अजिबात लावू नका. फुकट मिळतं तेच पुराव्यात धरलं, असं त्यातून होतं. आणखी एक: फिल्टर एकदा लावला की पुढच्या शोधालाही चिकटून राहतो. आकडा अचानक घसरला तर आधी तिकडे बघा.

महाराष्ट्रातली कामं हुडकायची असतील तर गावांची जुनी नावंही घ्या. जुन्या पेपरमध्ये मुंबई ‘बॉम्बे’ असते, पुणे ‘पूना’, आणि छत्रपती संभाजीनगर २०२३ पूर्वीच्या पेपरमध्ये औरंगाबादच असणार (बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, तेही डोळ्याखालून घाला).

शोध जपून ठेवा

‘हिस्टरी’ आठ तास हात लावला नाही तर पुसली जाते. अंतिम ओळ, तारीख आणि निघालेला आकडा त्याच दिवशी वर्डमध्ये चिकटवा. शिवाय ‘माय एनसीबीआय’ खातं काढा. गूगलच्या किंवा ऑर्किडच्या (संशोधकांच्या ओळख-क्रमांकाच्या) लॉगिनने आत जाता येतं. शोधचौकटीखालचं ‘क्रिएट अ‍ॅलर्ट’ दाबलं की नवीन पेपर आल्यावर ईमेल येतो. पीजीची तीन वर्षं असतात, सिनॉप्सिसच्या वेळी घेतलेला शोध थीसिस जमा करताना शिळा झालेला असतो, त्यामुळे हा अ‍ॅलर्ट कामाला येतो.

निकाल बाहेर काढताना ‘सेंड टू’मधून ‘सायटेशन मॅनेजर’ निवडा. एक एनबीआयबी फाइल उतरेल. एका वेळी १०,००० पर्यंत नोंदी काढता येतात. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर शोधच ढिला आहे असं समजा.

पबमेड म्हणजे सगळं नाही. क्लिनिकल चाचण्यांसाठी कोक्रेनचा ‘सेंट्रल’ हा डेटाबेस बघा. एम्बेस हा डेटाबेसही चांगला आहे, पण तो पैसे भरून मिळतो. गूगल स्कॉलरला पूरक म्हणून ठेवा: ते कोणत्याही शोधाचे पहिले १,००० निकालच दाखवतं आणि तोच शोध उद्या तसाच निघेल याची हमी नसते. एआय चॅटबॉटला पर्यायी शब्द विचारायला हरकत नाही, संदर्भ मात्र मागू नका. तो अस्तित्वात नसलेले पेपर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या लेखक-जर्नलसह देतो. असा संदर्भ कुणी हातात दिलाच तर पबमेडच्या ‘सिंगल सायटेशन मॅचर’मध्ये जर्नल, वर्ष, खंड आणि पहिलं पान टाकून तपासा.

झोटेरो

झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून ते वर्डमध्ये घालून देणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मोकळ्या स्रोताचं आहे. संगणकावरचं अ‍ॅप आणि ब्राउझरमधलं ‘कनेक्टर’ दोन्ही टाका. एनबीआयबी फाइल ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘इम्पोर्ट’ने आत घ्या. एखादा सुटा पेपर घ्यायचा असेल तर वरचं जादूच्या कांडीचं चिन्ह दाबून पीएमआयडी किंवा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाका, नोंद भरून येते. गूगल स्कॉलरच्या पानावरून नोंद उचलू नका. अंक क्रमांक नसतो, लेखक अर्धवट असतात, आणि हे सगळं शेवटच्या आठवड्यात हाताने दुरुस्त करावं लागतं.

दोन-तीन डेटाबेसमधून घेतलं की एकच पेपर दोनदा येतो. डाव्या पट्टीतलं ‘डुप्लिकेट आयटम्स’ उघडून ‘मर्ज’ करा. नुसतं डिलीट केलं तर वर्डमध्ये आधी वापरलेला दुवा तुटू शकतो, मर्जने तो टिकतो. मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर झोटेरो त्यावर लाल पट्टी दाखवतं. ती पट्टी दिसली तर पेपर मागे का घेतला ते वाचा आणि तुमच्या युक्तिवादात त्याच्यावर काही उभं असेल तर ते काढा.

फुकट साठवण ३०० एमबी आहे. ती पीडीएफने लवकर भरते. भरली की सेटिंग्जमध्ये फाइलींचं सिंक बंद करा. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही, ते चालूच राहतं. बरेच जण यावर उपाय म्हणून झोटेरोचं अख्खं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये हलवतात. तसं करू नका. अ‍ॅप चालू असताना ड्राइव्ह डेटाबेसची फाइल उचलतं आणि ती खराब होते. बॅकअप हवा तर झोटेरो बंद करून फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

पूर्ण पेपर कुठून मिळवायचा

सरकारी कॉलेजात असाल तर आधी ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना त्यातून खुली झाली आहेत. वसतिगृहातून कसं वापरायचं तेही त्यांनाच विचारा. खासगी कॉलेजांना पहिल्या टप्प्यात ही सोय नाही. तिथे ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ टाका. लेखकाने कायदेशीररीत्या कुठे मोफत प्रत ठेवली असेल तर ते दाखवतं. तेही जमलं नाही तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. पीडीएफ पाठवणारे बरेच निघतात.

नमुना संख्या आणि नोंदणी

किती रुग्ण घ्यायचे ही नमुना संख्या काढायला ओपनएपी हे फुकट संकेतस्थळ बहुतेक थीसिसना पुरतं. सूत्र तेच असतं, गोंधळ होतो तो ‘अलाउएबल एरर’मध्ये, म्हणजे अंदाजात किती चूक चालेल त्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार भारतात ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. प्रमाण मोजायचा अभ्यास असेल आणि चूक ५ टक्के-अंक धरली तर १.९६ च्या वर्गाने ३८४ येतात. आपल्याकडच्या ‘४पीक्यू’ सूत्राने (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेला भाग, आणि १.९६ ऐवजी २ धरून) ४००. पण चूक ‘प्रमाणाच्या २० टक्के’ धरली तर ती १०.४४ होते आणि ‘४पीक्यू’नेच उत्तर थेट ९२ वर येतं. दोन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त दुसऱ्यात तुमचा अंदाज फार ढोबळ राहतो. कोणती चूक धरली हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. १० टक्के गळती धरायची तर ३८४ ला ०.९ ने भागा, ४२७ येतात, १.१ ने गुणून येणारे ४२३ कमी पडतात.

आपल्या उदाहरणात मात्र दोन गटांच्या सरासरीची तुलना आहे. तिथे प्रमाणाचं सूत्र चालत नाही. हिमोग्लोबिनमधला अर्धा ग्रॅमचा फरक पकडायचा, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मोजमापं सरासरीपासून किती विखुरतात ते) १ ग्रॅम आणि पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) ८० टक्के धरली तर प्रत्येक गटात ६३ लागतात. हा एसडी मनाने धरायचा नाही. तुमच्याशी जुळणारे रुग्ण आणि तेवढाच फॉलोअप असलेल्या पेपरमधून घ्यायचा, म्हणून शोध आधी आणि नमुना संख्या नंतर.

औषध देऊन तुलना म्हणजे ही चाचणी झाली. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियावर, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदणी फुकट आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच झालेली नोंदणी धरली जाते. एथिक्स कमिटीच्या मंजुरीची प्रत जोडावी लागते आणि तपासणारे शंका विचारून दुरुस्त्या मागतात. मंजुरी हातात पडल्या दिवशीच अर्ज भरायला घ्या. क्रमांक मिळण्याआधी रुग्ण घेतले तर नंतर बरेच जर्नल पेपर दारातूनच परत पाठवतात.

वर्डमध्ये लिहिताना

वर्डच्या झोटेरो टॅबमधून ‘अ‍ॅड/एडिट सायटेशन’ दाबा, शैली ‘व्हँकुव्हर’ निवडा आणि ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये मेडलाइनच्या जर्नल-लघुरूपांचा पर्याय खुणा करून ठेवा. नाहीतर निम्मी जर्नल्स पूर्ण नावाने आणि निम्मी लघुरूपात छापली जातात. संदर्भयादीत चूक दिसली तर वर्डमध्ये हाताने सुधारू नका, पुढच्या ‘रिफ्रेश’ला ती पुन्हा येईल. झोटेरोतली मूळ नोंद सुधारा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते गाइडकडून दुरुस्त होऊन आलेल्या फाइलमुळे. ती मोबाइलवर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये उघडून सेव्ह झाली की संदर्भांचे जिवंत दुवे मरतात आणि नुसते आकडे उरतात. गाइडना पीडीएफ पाठवा, दुरुस्त्या त्यावर घ्या आणि मूळ फाइलमध्ये स्वतः उतरवा. जमा करायच्या दिवशी फाइलची वेगळी प्रत करून फक्त तिच्यावर ‘अनलिंक सायटेशन्स’ (संदर्भांचे दुवे काढून साधा मजकूर ठेवणारी आज्ञा) चालवा. ती प्रत छापायला द्या; दुव्यांची मूळ फाइल ठेवा, कारण त्याच थीसिसमधून पेपर काढताना जर्नलची शैली वेगळी असेल आणि ती त्या फाइलमध्ये एका क्लिकवर बदलते.